आरामदायी रिक्लायनर कसा घडवावा: नवोदित फर्निचर डिझायनरांसाठी

रिक्लायनरचे, म्हणजे पाठ मागे कलवता आणि पाय वर घेता येणाऱ्या खुर्चीचे, आरेखन शिकायला येणारे बहुतेक नवोदित पहिला प्रश्न फोमचा विचारतात: कोणत्या डेन्सिटीचा घ्यावा आणि किती इंच जाडीचा लावावा. प्रश्न रास्त असला, तरी तो फार लवकर विचारलेला असतो. साधी खुर्ची एकाच स्थितीत उभी असते आणि माणूस तिच्यावर हवा तसा सरकून बसतो. रिक्लायनर मात्र माणसाला घेऊन हलतो. त्या हालचालीत माणसाचे सांधे आणि खुर्चीचे सांधे एकमेकांशी जुळले नाहीत, तर कितीही महाग फोम ती चूक झाकू शकत नाही. म्हणून या लेखातील क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. आधी शरीर, मग चाचणीची चौकट, मग फिरण्याचा बिंदू, त्यानंतर यंत्रणा आणि सांगाडा, आणि फोम व कापड अगदी शेवटी. एका घरगुती, एकट्या माणसासाठी असलेल्या रिक्लायनरचे उदाहरण मी सबंध लेखात धरले आहे.

आधी जुन्या खुर्च्यांवर बसून पाहावे

आपल्याकडची घडीची कापडी आरामखुर्ची हा अभ्यासाचा उत्तम आरंभ आहे. चौकटीच्या खाचांमध्ये आडवा दांडा पुढेमागे अडकवला की तिचा कल बदलतो. कापड अंगाच्या आकाराप्रमाणे वळते, त्यामुळे वजन एका जागी न साचता पसरते, आणि धड व मांडी यांच्यातला कोन मोकळा राहतो. तिच्यात पटकन डोळा लागतो, त्याचे कारण हेच. मात्र त्याच कापडाची झोळी होते आणि कमरेला आधार उरत नाही. बैठकीची पुढची कड मागच्या भागापेक्षा बरीच उंच असल्यामुळे वयस्कर माणसाला तिच्यातून उठताना कोणाचा तरी हात लागतो. वेताने विणलेली, लांब हातांची लाकडी आरामखुर्ची कमरेला थोडा अधिक आधार देते आणि उकाड्यात हवा खेळती ठेवते, पण तिचा कल कायमचा ठरलेला असतो.

बदलत्या कलाच्या खुर्चीचा इतिहासही नवोदितांना उपयोगी पडेल असा आहे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांच्या कंपनीने विकलेल्या खुर्चीत पाठ बिजागरीवर फिरायची आणि मागच्या खाचांतला दांडा तिला हव्या त्या कलावर रोखून धरायचा. कल बदलण्यासाठी उठून दांडा हलवावा लागे. 1928मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मन्रो गावी एडवर्ड कनाबुश आणि एडविन शूमेकर या दोघांनी लाकडी पट्ट्यांची एक खुर्ची बनवली. माणूस मागे रेलला की त्याच्या अंगाबरोबर ती खुर्चीही मागे कलायची, आणि पुढे तिच्यावर गादी चढवली गेली. आजच्या ‘ला-झी-बॉय’ या कंपनीचा आरंभ तिथला आहे. चार्ल्स आणि रे ईम्स यांची 1956ची प्रसिद्ध लाउंज चेअर मात्र रिक्लायनर नाही. तिचा कल बदलत नाही. वाकवलेल्या प्लायच्या कवचांचे कोनच इतके विचारपूर्वक ठरवलेले आहेत की बसणाऱ्याला कल बदलण्याची गरज फारशी वाटत नाही. यंत्रणा वाढवण्याआधी कोन नीट ठरवावेत, हा धडा या खुर्चीवरून घ्यावा.

रेलल्यावर अंगात काय होते

ताठ बसलेल्या माणसाच्या धडाचा बहुतेक भार कण्याच्या खालच्या भागावर येतो. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीतला दाब थेट मोजला आणि आधाराशिवाय बसले असता तो उभे राहण्यापेक्षा जास्त असतो, असे दाखवले. त्यांच्यानंतर गुन्नार अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या मोजण्यांतून दिसले की खुर्चीची पाठ मागे कलवली आणि कमरेला आधार दिला, की हा दाब उतरतो. कल आणि कमरेचा आधार या दोन्ही गोष्टींनी दाब उतरतो, म्हणून दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो, हे इथेच मनावर ठसवून घ्यावे.

कोनाच्या बाबतीत दोन जुनी कामे मला अजूनही मार्गदर्शक वाटतात. जे. जे. कीगन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1953मध्ये क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने दाखवले, की मांडी धडाच्या काटकोनात आणली की कमरेची नैसर्गिक कमान सपाट होऊ लागते आणि स्नायूंचा तोल साधणारी स्थिती सुमारे 135 अंशांच्या आसपास असते. पुढे 1973–74मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर वजनरहित अवस्थेत सैल सोडलेल्या शरीरांच्या निरीक्षणांतून धड आणि मांडी यांच्यातला कोन सुमारे 128 अंश आढळला. दोन्ही वाटा अगदी वेगळ्या असूनही उत्तरे शेजारी शेजारी येतात. यावरून मी विश्रांतीच्या स्थितीत बैठक आणि पाठ यांच्यातला कोन 125 ते 130 अंश धरतो. दूरदर्शन पाहण्यासाठी 110 ते 115, आणि वाचायला, चहा प्यायला किंवा समोरच्याशी बोलायला 100 ते 105 अंश पुरतात.

शरीराची मापे घेताना परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलू नयेत. भारतीय लोकांच्या शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेले संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997मध्ये प्रसिद्ध केले आहे, आणि आपल्याकडच्या डिझाइनच्या विद्यार्थ्याने ते हाताशी ठेवलेच पाहिजे. आयात केलेल्या अनेक रिक्लायनरांची बैठक 530 ते 560 मिलिमीटर खोल असते. सरासरी उंचीची मराठी गृहिणी तिच्यात पाठ टेकवून बसली, तर बैठकीची कड गुडघ्यामागच्या लवणीत रुततेच, शिवाय पावले जमिनीपासून सुटतात. मग ती पुढे सरकून बसते आणि कमरेचा आधार मागेच राहतो. दुकानात हे लक्षात येत नाही, कारण तिथे कोणी पाच मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही.

माझी आरंभीची मापे अशी असतात, आणि ती सर्व माणूस बसून फोम दबल्यानंतरची आहेत: बैठकीची पुढची उंची 400 ते 420 मिलिमीटर, पुढच्या कडेपासून कमरेच्या आधारापर्यंत खोली 460 ते 480, खुर्चीच्या दोन्ही हातांमधली रुंदी 530 ते 550, हातांची उंची बैठकीपासून 200 ते 220, कमरेच्या आधाराचा सर्वांत फुगीर बिंदू बैठकीपासून सुमारे 200. खुर्ची मुख्यतः वृद्ध माणसासाठी असेल, तर बैठक 20 ते 30 मिलिमीटर उंच घ्यावी. ही मापे पुढच्या पायरीवर तपासायची आहेत, हे मात्र विसरू नये.

चाचणीची चौकट बांधावी

कागदावर किंवा संगणकावर सुंदर रेखाटन करण्याआधी 18 मिलिमीटर प्लायची एक ओबडधोबड चौकट बांधावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये 20 मिलिमीटरच्या अंतराने भोके पाडावीत. बैठक, पाठ, डोक्याचा आधार आणि पायाखालचा भाग हे चार वेगळे तुकडे बोल्टने या भोकांमध्ये हवे तसे वरखाली व पुढेमागे बसवता यायला हवेत. बैठकीवर 50 मिलिमीटर आणि पाठीवर 25 मिलिमीटर घट्ट फोम पुरे. इथे मऊपणा मुद्दाम कमी ठेवायचा असतो, कारण कोन चुकला असेल तर कडक पृष्ठभाग ते लगेच सांगतो आणि मऊ पृष्ठभाग अर्धा तास लपवून ठेवतो.

या चौकटीवर निदान दहाबारा माणसे बसवावीत, आणि त्यांत ठेंगणी, उंच, किडकिडीत, जाड, तरुण आणि सत्तरीची अशी सर्व प्रकारची माणसे असावीत. प्रत्येकाला किमान 45 मिनिटे बसू द्यावे. ‘आरामदायी वाटते का?’ असे थेट विचारू नये. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला असे विचारले की तो भिडेखातर होच म्हणतो. त्याऐवजी कडेला बसून तो किती वेळा हलतो, हे मोजावे. मांडी बदलणे, हात डोक्यामागे घेणे, पुढे घसरून परत वर सरकणे या प्रत्येक हालचालीची वेळ टिपून ठेवावी. पंधराव्या मिनिटानंतर हालचाली वाढू लागल्या, तर कुठे तरी दाब साचतो आहे. माणूस पुन्हा पुन्हा पुढे घसरत असेल, तर बैठकीचा कल कमी आहे. तो हात मानेमागे घेत असेल, तर डोक्याचा आधार चुकला आहे. माझ्या वहीत अशा नोंदींची पाने आहेत आणि नवीन खुर्ची करताना मी रेखाटनांच्या आधी ती पाने काढतो.

फिरण्याचा बिंदू: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

माणूस मागे रेलतो तेव्हा त्याचे धड खुब्याच्या सांध्याभोवती फिरते. हा सांधा बसलेल्या माणसात बैठकीपासून सुमारे 90 मिलिमीटर वर आणि पाठीच्या पृष्ठभागापासून सुमारे 130 मिलिमीटर पुढे असतो. खुर्चीची पाठ मात्र बहुधा बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बिजागरीभोवती फिरते. म्हणजे धड एका केंद्राभोवती आणि त्याला टेकलेला पृष्ठभाग दुसऱ्याच केंद्राभोवती फिरतो. पाठ 25 अंश मागे गेली, तर वरच्या मापांवरून साधी भूमिती सांगते की खुर्चीची पाठ माणसाच्या पाठीवरून सुमारे 60 मिलिमीटर वर सरकते आणि शिवाय अंगापासून सुमारे 25 मिलिमीटर दूर जाते.

या दोन आकड्यांत रिक्लायनरविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे. सदरा पँटमधून वर ओढला जातो, तो याच सरकण्यामुळे. ताठ बसलेले असताना कमरेच्या खळीत अगदी बरोबर बसणारा फुगवटा रेलल्यावर 60 मिलिमीटर वर जाऊन बरगड्यांच्या खाली टोचू लागतो. ज्या वेळी कमरेला आधाराची खरी गरज असते, त्याच वेळी तिथे पोकळी तयार होते. मग ग्राहक म्हणतो, की पाठ कडक आहे, आणि कारागीर आणखी एक इंच फोम चढवतो. मीसुद्धा सुरुवातीच्या दोन खुर्च्यांमध्ये हेच केले होते. दोन्ही खुर्च्या परत आल्या, तेव्हा एका जुन्या कारागिरांनी मला पुठ्ठ्याची माणसाची आकृती कापून तिच्या खुब्यात टाचणी लावायला सांगितली. धड आणि मांडी वेगळी कापून खुब्यापाशी टाचणीने जोडलेली, एकास पाच प्रमाणातली ही आकृती आणि दुसऱ्या पुठ्ठ्यावर कापलेली खुर्चीची बाजू यांच्यावर एक दुपार घालवली, तर ही सारी भूमिती डोळ्यांना दिसते. संगणकावरचे प्रारूप त्यानंतर करावे.

यावर उपाय तीन आहेत. पहिला आणि मला सर्वांत आवडणारा म्हणजे पाठीचा फिरण्याचा बिंदू कोपऱ्यातून उचलून खुब्याच्या जवळ आणणे. खुर्चीच्या हातांच्या बाजूच्या फळ्या तिथपर्यंत पोहोचलेल्याच असतात, तेव्हा फिरण्याचा बोल्ट त्यांच्या आत लपवता येतो. मात्र फळी मजबूत हवी आणि बोल्टभोवती धातूची पुंगळी हवी. दुसरा उपाय चार दांड्यांच्या जोडणीचा आहे. तिच्यात प्रत्यक्ष बोल्ट कुठेही असले, तरी पाठ हवेतल्या एका काल्पनिक बिंदूभोवती फिरते आणि तो बिंदू खुब्यावर आणता येतो. तिसरा उपाय तयार यंत्रणांमध्ये अधिक दिसतो: पाठ मागे जाताना बैठक पुढे सरकते आणि तिची पुढची कड उचलली जाते, त्यामुळे सरकणे पूर्ण थांबले नाही तरी बरेच कमी होते. सरकणे 15 मिलिमीटरच्या आत आले, तर बसणाऱ्याला ते सहसा जाणवत नाही, असा माझा अनुभव आहे. तपासण्याची रीत सोपी आहे. बसलेल्या माणसाच्या सदऱ्यावर कमरेपाशी आणि त्याच उंचीवर खुर्चीच्या पाठीवर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावावा, खुर्ची पूर्ण मागे न्यावी आणि दोन तुकड्यांमधले अंतर मोजावे.

बैठकीचा कल, डोके आणि पाय

पाठ मागे जाते तसा धडाच्या वजनाचा काही भाग माणसाला पुढे ढकलू लागतो. बैठक तशीच आडवी राहिली, तर घसरण्याला फक्त कापडाचे घर्षण अडवते, आणि ते घर्षण मांडीच्या कातडीला ताणते. म्हणून ताठ स्थितीत 6 ते 7 अंश असलेला बैठकीचा कल विश्रांतीच्या स्थितीत 14 ते 16 अंशांपर्यंत वाढला पाहिजे. चौकटीवर हा आकडा ठरवताना रेशमी साडी नेसलेल्या किंवा गुळगुळीत कापडाची पँट घातलेल्या माणसाला बसवून पाहावे. जाड जीन्स घातलेला तरुण कोणत्याही कलावर घट्ट बसून राहतो आणि आपली फसगत करतो.

डोक्याच्या आधाराकडे नवोदित जवळजवळ लक्षच देत नाहीत. पाठ उभ्या रेषेपासून सुमारे 30 अंशांपेक्षा जास्त कलली की मान डोके तोलून धरताना थकू लागते, कारण डोक्याचे वजन शरीराच्या सुमारे 8 टक्के असते. शिवाय त्या कलावर डोळे छताकडे वळतात आणि दूरदर्शन पाहण्यासाठी माणूस हनुवटी छातीला लावतो. तेव्हा डोक्याचा भाग पाठीच्या रेषेत न ठेवता 15 ते 20 अंश पुढे झुकवता आला पाहिजे आणि तो 120 ते 150 मिलिमीटर वरखाली करता आला पाहिजे. तसे शक्य नसेल, तर पाठीमागे वजन सोडलेल्या पट्टीला लटकणारी सुटी उशी द्यावी. कायमची फुगीर उशी शिवून टाकणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण ती उंच माणसाच्या खांद्यांत आणि ठेंगण्या माणसाच्या डोक्याच्या टोकाला लागते.

पायाखालच्या भागाविषयी एवढेच लक्षात ठेवावे, की वजन पोटरीवर पसरले पाहिजे, टाचेवर नव्हे, आणि गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण सरळ झाले की मांडीमागचे स्नायू ताणले जाऊन कटीला मागे ओढतात आणि कमरेची कमान पुन्हा मोडते. फूटरेस्ट अपुरा लांब असेल, तर टाचा कडेवरून लोंबतात. बैठकीच्या कडेपासून 420 ते 450 मिलिमीटर लांबी भारतीय मापांना बहुधा पुरते.

उठणे हाही आरेखनाचा भाग आहे

माणूस खुर्चीतून उठताना पावले गुडघ्यांच्या मागे घेतो आणि धड पुढे झुकवतो. बहुतेक रिक्लायनरांत बंद केलेला फूटरेस्ट नेमका बैठकीच्या पुढच्या कडेखाली उभा राहतो, त्यामुळे टाचा मागे घ्यायला जागा उरत नाही. तरुणांना हे कळतही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र त्यामुळे खुर्ची नकोशी होते. बंद स्थितीत फूटरेस्टचा खालचा भाग 70 ते 80 मिलिमीटर आत कलता ठेवावा आणि खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणावेत, म्हणजे तळहातांवर भार देऊन उठता येते. हातांची पुढची टोके मुठीत धरता येतील अशी, साधारण 60 ते 70 मिलिमीटर रुंदीची आणि आतून घट्ट असावीत.

यंत्रणा निवडणे

सुरुवातीला स्वतःची यंत्रणा घडवण्याच्या भरीस पडू नये. पत्र्याच्या दांड्यांची तयार जोडणी बाजारात मिळते, तिचे प्रमाणित आरेखन विक्रेत्याकडून मागून घ्यावे आणि त्यावरून पाठीचा व बैठकीचा मार्ग कागदावर काढून वरच्या निकषांवर तपासावा. विक्रेता असे आरेखन देत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधावा.

हाताने ओढण्याच्या कांडीची, पाठीने ढकलण्याची आणि मोटरची असे तीन प्रकार घरगुती कामात येतात. पाठीने ढकलण्याचा प्रकार दिसायला सर्वांत नीटस असतो, पण हलक्या माणसाला तो ढकलवत नाही आणि जड माणसाला परत येताना त्रास देतो. मोटर असलेला प्रकार वृद्धांसाठी निःसंशय चांगला, कारण तो मधल्या कोणत्याही कोनावर थांबतो. मात्र त्याबरोबर बॅटरीचा पर्याय द्यावाच. वीज गेली आणि आजी पाय वर करून अडकून पडल्या, असा प्रसंग आपल्याकडे अशक्य नाही.

जागेचा विचारही इथेच करावा. साध्या यंत्रणेला भिंतीपासून 300 मिलिमीटर किंवा अधिक मोकळी जागा लागते. बैठक पुढे सरकवणारी यंत्रणा 100 ते 150 मिलिमीटरमध्ये भागवते. पूर्ण उघडल्यावर खुर्चीची लांबी 1600 ते 1700 मिलिमीटर होते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात टीपॉय हलवल्याशिवाय ती उघडत नसेल, तर ती कायम बंदच राहील. ग्राहकाच्या जमिनीवर खडूने उघडी आणि बंद अशा दोन्ही आकृत्या आखून दाखवाव्यात. लिफ्ट आणि दाराची मोकळी रुंदी मोजावी. 800 मिलिमीटर रुंदीची खुर्ची 750च्या दारातून आत जात नाही, म्हणून पाठ वेगळी काढता येईल अशा सरकत्या पट्ट्यांवर बसवणे शहाणपणाचे असते.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टींत तडजोड नको. डोके, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग होतो, म्हणजे 80 किलोच्या माणसाचे 53 किलोंहून अधिक वजन रेलताना मागे जाते. एकूण वजनाचा मध्य पूर्ण रेललेल्या स्थितीतही तळाच्या मागच्या टेकूच्या किमान 100 मिलिमीटर पुढे राहिला पाहिजे, आणि उघड्या फूटरेस्टवर कोणी बसले तर खुर्ची पुढे उलटता कामा नये. दुसरी गोष्ट बैठक आणि फूटरेस्ट यांच्यामधल्या फटीची. तिच्यात लहान मुलांची डोकी अडकण्याचे अपघात झाले आहेत आणि अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्याविषयी सावध केले आहे. ती फट मधल्या जोडपट्टीने किंवा घट्ट ताणलेल्या कापडाने बंद करावी, आणि कात्रीसारख्या मिटणाऱ्या दांड्यांपर्यंत मुलांची बोटे बाजूने पोहोचणार नाहीत, हे पाहावे.

सांगाडा

सांगाड्यासाठी मुरलेले, घट्ट लाकूड किंवा 18 मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या) दर्जाचा प्लाय वापरावा. कोकणात किंवा समुद्राजवळ खुर्ची जाणार असेल, तर आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घेणे योग्य. लाकडातला ओलावा सुमारे 12 टक्क्यांच्या आसपास असावा. ओले लाकूड पुढे आकसते, बोल्ट सैल पडतात आणि चार महिन्यांत खुर्ची कुरकुरू लागते. सर्व जोडांना डॉवेल (लाकडी खुंट्या) आणि डिंक लावावा, कोपऱ्यांत त्रिकोणी ठोकळे द्यावेत. यंत्रणा लाकडात पिळून बसवायच्या साध्या स्क्रूने कधीही बसवू नये. आरपार बोल्ट आणि न सुटणारे नट हवेत, कारण प्रत्येक उघडमिटीला तिथे उलटसुलट ताण येतो.

डावी आणि उजवी यंत्रणा एकमेकींना तंतोतंत समांतर बसवणे हे सर्वांत चिकाटीचे काम आहे. दोन्ही कर्ण मोजावेत आणि फरक 2 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर पुढे जाऊ नये. गादी चढवण्याआधी नुसता सांगाडा किमान शंभर वेळा उघडमीट करून आवाज ऐकावा. या टप्प्यावर दुरुस्ती दहा मिनिटांची असते, आणि कापड चढवल्यावर तीच दिवसभराची होते.

आता फोम

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमागे किती किलो फोम आहे. त्यावरून तो किती वर्षे टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. 40 डेन्सिटीचा मऊ फोमही मिळतो आणि 28चा कडकही. दुकानदाराला दोन्ही विचारावे आणि नमुन्यावर गुडघा टेकून पाहावे. बैठकीखाली झिगझॅग स्प्रिंग किंवा रुंद लवचीक पट्टे असावेत. त्यांवर 40 डेन्सिटीचा लवकर उसळणारा एचआर फोम 100 मिलिमीटर, आणि वर 30 मिलिमीटर मऊ थर पुरतो. एवढ्यावर थांबावे. फार जाड, फार मऊ बैठकीत माणूस बुडतो, मांड्यांच्या बाहेरच्या बाजूंवर दाब येतो आणि चौकटीवर कष्टाने ठरवलेले कोन बदलून जातात.

पाठीला 28 ते 32 डेन्सिटीचा मऊ फोम चालतो, पण कमरेचा फुगवटा वेगळ्या, अधिक घट्ट तुकड्याचा असावा आणि तो 25 ते 30 मिलिमीटरपेक्षा पुढे येऊ नये. त्याच्या खाली, बैठकीला लागून, नितंबांसाठी जागा मोकळी सोडावी. कमरेच्या आधाराचे महत्त्व स्वीडनचे बेंग्ट आकरब्लूम यांनी 1940च्या दशकातच मांडले होते. तो आधार जागेवर राहायचा तर नितंबांना मागे जायला वाव हवा, आणि ती जागा फोमने भरली तर कटी पुढे ढकलली जाऊन वरचा आधार निरुपयोगी ठरतो.

कापडाच्या निवडीत हवामानाला मान द्यावा. पॉलियुरेथेनचा थर असलेले रेक्झिन दमट हवेत ओलाव्याने विघटित होते आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. किनारपट्टीवर मी ते सुचवत नाही. खऱ्या चामड्याला पावसाळ्यात बुरशीपासून जपावे लागते. सुती-पॉलिएस्टर मिश्र विणीचे, मार्टिनडेल चाचणीत 25,000 ते 30,000 घासण्या टिकलेले कापड घरगुती वापराला पुरते आणि घामही शोषते. बैठकीचे आणि डोक्याच्या भागाचे खोळ काढून धुता येतील असे शिवावे, कारण डोक्याला तेल लावण्याची सवय आपल्या घराघरांत आहे.

शेवटची तपासणी

तयार खुर्ची पुन्हा त्याच माणसांना द्यावी, जी चौकटीवर बसली होती, आणि जुन्या नोंदींशी हालचालींची संख्या ताडून पाहावी. फोम चढल्यावर बैठक किती दबते हे मोजण्यासाठी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी पट्टी ठेवून माणूस बसण्याआधी आणि बसल्यानंतर खालचे अंतर घ्यावे. आधी धरलेल्या दबण्यापेक्षा 10 मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर हातांची उंची आणि कमरेचा आधार दोन्ही चुकले असे समजून फोमचा कडकपणा बदलावा. यानंतर पहिली खुर्ची विकण्याऐवजी तीन महिने रोज वापरात असलेल्या एखाद्या घरात ठेवावी, शक्यतो जिथे दुपारी एक माणूस आणि रात्री दुसरा बसतो. तीन महिन्यांनी तिथे जाऊन पट्टीने तेच अंतर पुन्हा मोजावे, बोल्ट किती सैल झाले ते पाहावे, चिकटपट्टीचे दोन तुकडे पुन्हा लावून पाठीचे सरकणे तपासावे, आणि आलेले आकडे मूळ आरेखनाच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवावेत. दुसऱ्या खुर्चीचे काम त्या कागदापासून सुरू करावे.